मामांनी पुकारलेली शाळा

लोकशाहीवर खरी श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकीच्यांची श्रद्धा निवडणुकीपुरती असते, फार तर निकाल मनासारखा लागेपर्यंत टिकते. मामांची सकाळच्या चहापासून सुरू होते. चहात आलं घालायचं की वेलची, असं मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं की मामा उत्तर देत नाहीत. ते ओट्यावर येतात, दूधवाल्याला विचारतात, समोर दात घासत बसलेल्या शेजाऱ्याला विचारतात, आणि मान वर करून माडीवरच्या भाडेकरूलाही विचारतात. दूधवाला आलं म्हणतो, शेजारी वेलची म्हणतो, भाडेकरूला गवती चहा हवा असतो. मग त्या दिवशीच्या चहात तिन्ही पडतं आणि वर सर्वांच्या समाधानासाठी थोडी सुंठही. मामी कप आणून ठेवतात आणि म्हणतात, "घ्या. गावाचा चहा घ्या. तुमचा कधी होईल तवा सांगा."

या स्वभावाचं मूळ मामांच्या नोकरीत आहे. मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपुरात केळी पिकतात आणि केळीचा लिलाव होतो, हे बाहेरच्यांनाही माहीत असतं. पण लिलाव होतो म्हणजे कोणीतरी माणूस उंचावर उभा राहून भाव पुकारतो, हे फारसं कोणाच्या ध्यानात येत नाही. मामा तो माणूस होते. मंडीत केळी भरलेली गाडी येऊन लागली की तिच्यावर चढून ते पुकारा करत. व्यापारी भाव वाढवत जात, मामा "एकवार, दोनवार" करत जात, आणि "तीनवार" म्हणून तळहातावर तळहात आपटला की माल शेवटच्या बोलीवाल्याचा होई. त्या टाळीनंतर कोणी तोंड उघडायचं नाही. भाव चुकला, माल कच्चा निघाला, घरून निरोप आला, काहीही झालं तरी बोली सुटली म्हणजे सुटली. आणि दुसरा नियम त्याहून कडक होता: पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही. त्याने केळीकडे पाहून चेहऱ्यावरही काही दाखवायचं नाही. मामांनी हा नियम इतका मनापासून पाळला की निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःचं असं एकही मत शिल्लक नव्हतं. होता तो फक्त आवाज, आणि तोही कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मोबाइलवर ते बोलतात तेव्हा पलीकडच्या माणसाला मोबाइलची गरज नसते, एवढंच सांगतो.

त्यांचं घर रंगवायला काढलं त्या वेळची हकिगत लोधीपुऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, अजून सांगतात. रंगारी शिडीवर आणि मामा शिडीखाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मामा विचारत, "हा पिवळा कसा वाटते?" कोणी म्हणे, थोडा उजळ पाहिजे. मामा वर पाहून सांगत, "उजळ!" पुढचा म्हणे, आता यात जरा केशरी टाका. "केशरी!" संध्याकाळपर्यंत जो रंग तयार झाला त्याला नाव नाही. रंगाच्या दुकानदाराला तोच पुन्हा मागितला तेव्हा त्याने हात जोडले. आता रिक्षावाले त्या घराच्या खुणेने पत्ते सांगतात आणि मामांना त्यात काही वावगं वाटत नाही. "लोकांनीच ठरवला," ते म्हणतात, "मी फक्त खाली उभा होतो."

मुलीच्या सोयरिकीत तर सोयरीकच हातची जायची होती. मुलाकडचे बैठकीला बसले होते, मावा जिलेबीच्या ताटल्या फिरल्या होत्या, सगळं जुळलं होतं, आणि मध्यस्थाने रीतीप्रमाणे विचारलं, "मग मामा, मुलगा पसंत?" सगळी बैठक मामांच्या तोंडाकडे पाहू लागली. मामांनी बैठकीवर एक संथ नजर फिरवली, आणि मंडीतली तीस-एक वर्षांची सवय एका क्षणात बाहेर आली. ते म्हणाले, "आणखी कोणी?" मुलाच्या वडिलांच्या हातातली ताटली खाली गेली. मामींनी आतल्या दारातून तीन वेळा "पसंत, पसंत, पसंत" म्हटलं म्हणून ते लग्न झालं. लग्न चांगलं चाललं आहे. मामा त्याचंही श्रेय घेत नाहीत.

अशा माणसाच्या हाती आमच्या गल्लीतल्या शाळेचं भवितव्य एका दुपारी सोपवलं गेलं.

शाळा म्हणजे लोधीपुऱ्यातली सरकारी मराठी प्राथमिक शाळा. मामांच्या घरापासून चार घरं पुढे. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात, त्यामुळे तिसरीतल्या मुलींचा चौथीचा निम्मा अभ्यास ऐकूनच होतो. शाळेच्या मोठ्या मॅडम हा शाळेचा फायदा म्हणूनच सांगत. पाचवी व्हरांड्यात. पूर्वी एवढं भागत असे. पण बुऱ्हाणपूर गेल्या काही वर्षांत सगळीकडून वाढलं. केळीच्या बागा मोडून कॉलन्या झाल्या, कॉलन्यांना गेटं लागली, गेटांवर सिंह बसले. शाळा मात्र कोणाच्या नकाशात नव्हती. हायवेच्या पलीकडे बहादरपुरच्या रस्त्याला नवी वस्ती झाली तरी तिथली मुलंही इकडेच येत. शेवटी सरकारच्या ध्यानात आलं की मुलं जास्त झाली आहेत. दोन नव्या खोल्यांपुरता पैसा मंजूर झाला. खोल्या लोधीपुऱ्याच्या शाळेत बांधायच्या, की हायवेपलीकडच्या सरकारी जागेवर बांधून शाळाच तिकडे न्यायची, हे जनतेला विचारून ठरवू, असं वरून आलं.

लोधीपुऱ्यात याबद्दल दोन मतं नव्हती. शाळा तिकडे गेली असती तर इथल्या लहान पोरींना रोज हायवे ओलांडावा लागला असता, आणि त्या हायवेवरून दिवसभर केळीचे ट्रक उत्तरेकडे पळत असतात. निम्म्या घरांनी मुलींना घरीच बसवलं असतं, हे मोठ्या मॅडम जाणून होत्या. मामांची नात तिसरीत होती. मामींनी घरोघर जाऊन बायकांना पक्कं सांगून ठेवलं होतं: सभेला यायचं, हात वर करायचा, दोन खोल्या इथंच म्हणायचं, घरी यायचं. याहून सोपी सभा होणार नव्हती.

सभा शाळेच्या अंगणात भरली. 'जनसंवाद' असा फलक होता आणि त्यावर जनतेपेक्षा मोठे फोटो होते. अधिकारी तरुण होता, इंदूरकडचा, स्वभावाने बरा. त्याला शाल, नारळ आणि केळीचा घड दिला गेला, तो घड कुठे ठेवावा हे न कळून त्याने तो मांडीवर घेतला आणि सभा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. गर्दी अपेक्षेपेक्षा जास्त झाली, कारण जसोंडी आणि बहादरपुरच्या शेतकऱ्यांत कोणीतरी असं पसरवलं होतं की ही केळीच्या विम्याची सभा आहे. ते मागे उभे होते आणि विमा कधी निघतो याची वाट पाहत होते. पुढे बायका, मध्ये लोधीपुऱ्यातले व्यापारी. मॅडमांनी बोलायला तोंड उघडलं आणि वीज गेली. माइक मेला. मॅडमांचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतच पोचत होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांना मामा दिसले.

"मामा, तुम्हीच विचारा ना सगळ्यांना. तुमचा आवाज…"

मामा उभे राहिले. निवृत्तीनंतर प्रथमच कोणी त्यांच्याकडे त्यांची वस्तू मागितली होती. मामी लगबगीने जवळ आल्या. "अहो, ऐका. एवढंच विचारा. दोन खोल्या इथं पाहिजेत का? हात वर करा. बस."

"बस," मामा म्हणाले.

अधिकाऱ्याने कागद पुढे ओढला. "हाँ, तो बताइए, जनता की क्या राय है?"

मामांना खुर्ची दिली होती बसायला. ते तिच्यावर चढले. उंचावर गेल्यावर त्यांना समोर काय दिसलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. समोर व्यापारी, मागे बागायतदार, बाजूला हातात केळी घेऊन बसलेला माणूस. मामांनी डावा हात कानामागे नेला, आणि त्या अंगणात मंडीतला तो आवाज बऱ्याच वर्षांनी उठला.

"दोन खोल्याऽ! लोधीपुऱ्याच्या दोन खोल्याऽ! एकवाऽर…"

आता इथे बाहेरच्या वाचकाने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. त्या अंगणातल्या निम्म्या माणसांनी उभं आयुष्य तो आवाज ऐकला होता. त्या आवाजात "एकवार" ऐकलं की त्यांचा हात आपोआप उठतो. डोकं नंतर येतं. मागे बहादरपुरचा एक धिप्पाड बागायतदार उभा होता, त्याचा हात उठला.

"तीन!"

मामांची बोटं त्याच्याकडे वळली. "तीनऽ! बहादरपुरवाले तीनऽ!"

लोधीपुऱ्यातला एक केळीचा व्यापारी पुढे बसला होता. या बागायतदाराशी त्याची मंडीत जुनी चुरस. तो मागे वळूनही न पाहता म्हणाला, "चार."

"पाच!"

"पाच आणि पाण्याची टाकी!"

"सहा, आणि हॉल!"

मामी उभ्या राहून ओरडल्या, "अहो! दोनच! दोनच मागा!" पण खाली येणारी बोली पुकारणाऱ्याला ऐकू येत नाही, ती त्याच्या कानाची घडणच नाही. मॅडम अधिकाऱ्याला काही सांगू पाहत होत्या, अधिकारी भराभर लिहीत होता. मामांच्या अंगात तरतरी आली होती. खुर्ची डुगडुगत होती. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, कोणी प्रयोगशाळा म्हणालं, कोणी मैदान म्हणालं. जसोंडीचा एक म्हातारा "यात विमा कुठं आहे?" असं शेजाऱ्याला विचारत होता, आणि शेजारी त्याला "येईल, येईल, आधी खोल्या होऊ द्या" म्हणत होता. व्यापारी दहा खोल्यांवर थांबला. घरी परवानगी घ्यायला हवी असं काहीसं त्याच्या तोंडावर दिसलं. बागायतदार थांबला नाही.

"बारा खोल्या! हॉल! मैदान! मैदानाले पायऱ्या!"

"बारा खोल्याऽ! एकवाऽर… दोनवाऽर…" मामांनी सभेवर ती संथ नजर फिरवली. कोणी बोललं नाही. "तीनवाऽर!" आणि तळहात तळहातावर पडला. "सुटलीऽ! बहादरपुरवाल्यांची!"

टाळ्या झाल्या. मग टाळ्या थांबल्या. काय झालं ते एकेका रांगेला वेगवेगळ्या वेळी कळलं. बायकांना सगळ्यांत आधी, मामांना सगळ्यांत शेवटी. ते खुर्चीवरून उतरले तेव्हा हसत होते. तोंड पुसताना त्यांची नजर मामींवर गेली, आणि रुमाल तिथेच थांबला.

अधिकारी मात्र प्रसन्न होता. "इतना साफ़ जनमत मैंने कहीं नहीं देखा," तो मॅडमांना म्हणाला. बारा खोल्या आणि मैदान या अंगणात मावणार नाही हे त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. हायवेपलीकडची जागा मोठी होती. आणि जनतेने स्वतःच ती बहादरपुरच्या नावावर सोडली होती. यात त्याच्या मते विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो केळीचा घड घेऊन जीपमध्ये बसला.

त्या संध्याकाळी मामींनी जे वाक्य उच्चारलं त्यात भर घालणं कोणालाही जमलेलं नाही. "तुमच्या नातीची शाळा तुम्ही विकली," त्या म्हणाल्या, "आणि गिऱ्हाइकाले ती पाहिजेही नव्हती."

हे अक्षरशः खरं होतं. दुसऱ्या दिवशी तो बागायतदार सकाळीच मामांच्या ओट्यावर येऊन बसला. एवढा मोठा माणूस, पण रात्री झोपला नसावा.

"मामा, मी तर विम्यासाठी आलतो."

"हूं."

"घरी गेलो, बायको म्हणे काय झालं सभेत? मी काय सांगू? शाळा घेऊन आलो म्हणू?"

"तू बोली कावून लावली मग?"

"तुम्ही पुकारलं कावून?"

दोघांचंही म्हणणं बिनतोड होतं. मग बागायतदार हळूच म्हणाला, "फिरवता येत नाही का?" आणि लगेच स्वतःच मान हलवली. मंडीत आयुष्य काढलेला माणूस हे विचारतो तेव्हाच त्याला लाज वाटते. गंमत अशी की गल्लीतल्या पुरुषांचंही तेच झालं. शाळा जाणार म्हणून सगळे हळहळत होते, पण ऑफिसात जाऊन भांडू या म्हटलं की तो दहा खोल्यांवर थांबलेला व्यापारीच मान खाली घालून म्हणे, "आता सुटली म्हणजे सुटली. मीच थांबलो ना." मामी आणि मोठ्या मॅडम दोघीच गेल्या, कारण त्या दोघींनी मंडी कधी पाहिली नव्हती. तिथे त्यांना सांगितलं गेलं की जनमत एकदाच घेतात. पुन्हा पुन्हा घेतलं तर ते बदलण्याची शक्यता असते.

या सगळ्या दिवसांत मामा कोणाला काही विचारेनासे झाले. दूधवाला स्वतःहून आलं की वेलची असं विचारी, मामा मान हलवत. एका दुपारी मी गेलो तर ओट्यावर एकटेच बसले होते. शाळेच्या बाजूने मुलींचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "मामा, त्या दिवशी तुमचं स्वतःचं मत काय होतं?"

त्यांनी सवयीने समोरच्या ओट्याकडे पाहिलं. शेजारी नव्हता. माडीकडे पाहिलं. भाडेकरूची खिडकी बंद होती.

"मले कोण विचारते, जावईबापू? पुकारणाऱ्याले कोणी विचारत नसते."

"मी विचारतोय."

त्यांनी शाळेकडे तोंड वळवलं. मला वाटलं विषय संपला. मग त्यांनी, त्यांच्यापाशी असा आवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं अशा अगदी बारीक आवाजात सांगितलं, "शाळा इथंच राहायले पाहिजे होती. पोरगी चार घरं चालत जाते, इथून दिसते मले." आणि चोरी पकडली गेल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या माहितीप्रमाणे ते त्यांचं पहिलं मत. ते आता कुठे द्यायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

शाळा गेली. हायवेपलीकडे नवी इमारत झाली. पैसा जेवढ्याचा मंजूर होता तेवढीच, दोन खोल्यांची झाली, आणि उरलेल्या दहा खोल्या, हॉल आणि पायऱ्या यांच्याविषयी विचारलं की जनमत वर पाठवलं आहे असं सांगतात. बागायतदाराने मात्र मंडीचा रिवाज पाळला. बोली आपल्या नावावर सुटली आहे, माल उचललाच पाहिजे, म्हणून त्याने शाळेलगतच्या आपल्या शेतातली केळीची एक ओळ काढून मुलांना चालायला वाट करून दिली. त्याच्या घरचे अजून त्याला याचं कारण विचारतात.

आणि मामा रोज सकाळी हायवेच्या कडेला उभे असतात. लोधीपुऱ्यातल्या मुली गटाने येतात, मधे नात असते, आणि मामा रस्त्याच्या मध्यावर जाऊन हात वर करून ओरडतात, "थांऽब!" पुढे एकवार नाही, दोनवार नाही. मंडीतून सुटलेले ट्रक जिथल्या तिथे उभे राहतात. काही चालकांना तो आवाज ओळखीचा असतो, आणि ज्यांना नसतो त्यांचाही पाय ब्रेकवर जातो. गल्लीतली एकही मुलगी घरी बसलेली नाही. मी दोन-तीनदा मुद्दाम जाऊन पाहिलं. मुली ओलांडून जातात, आणि केळीतल्या वाटेवर त्या दिसेनाशा होईपर्यंत मामा रस्त्यातच उभे राहतात. मागे ट्रकांची रांग लागते, भोंगे वाजू लागतात. मामा कोणाचं मत घेत नाहीत. गर्दीला विचारून जगलेला हा माणूस त्या मोठ्या रस्त्यावर एकटा उभा असतो.

मागच्या महिन्यात वाहतूक पोलिसांनी त्यांच्या सेवेची दखल घेऊन त्यांना एक शिट्टी दिली. मामींनी ती कपाटाच्या किल्लीला बांधली आहे, कारण ती किल्ली सारखी हरवत होती.